अठरा डिग्रीचं पाणी आणि आमचे हे

थंडी या विषयावर आमच्या घरात यापुढे कुणी तोंड उघडायचं नाही, असं मी जाहीर करून टाकलंय. त्यातून आमच्या ह्यांनी तर अजिबात नाही. बावीस वर्षं कुवेतमध्ये एसी दुरुस्त केले म्हणून माणूस थंडीतला जाणकार होतो, असं कुणाला वाटत असेल तर त्याने माझ्याकडे यावं. मी ते स्वतःच्या अंगावर तपासून घेतलंय.

मी सायरा. पनवेलच्या जुन्या गावात राहते. पन्नाशी उलटली, पण अंगावर मांस म्हणून नाही. सासू म्हणायची, हिला वाळत घातली तर कपड्यांत सापडायची नाही. माहेर आपट्याचं. लहानपणी पाताळगंगेत पोरांच्या बरोबरीने उड्या मारायचे, मग एका वर्षी आईने सांगितलं, आता पुरे, आणि मला शिवणाच्या क्लासला बसवलं. त्यानंतर पाण्याशी संबंध आला तो धुण्याभांड्यापुरता. तीन वर्षांपूर्वी खारघरला एका पूलमध्ये बायकांची बॅच सुरू झाली आणि माझ्या लेकीने, अलिनाने, मला जवळजवळ ढकलतच तिथे नेलं. पाण्यात शिरले मात्र, हातपाय काही म्हणजे काही विसरले नव्हते. बॅचमधल्या बायका कडेला धरून पाय हलवत होत्या आणि मी या टोकाची त्या टोकाला.

अलिना पळते. फिजिओथेरपीचं काम करते, पण खरा जीव पळण्यात. आमच्या ओळखीची चारुता, करंजाड्याला राहते, बँकेत आहे, ती सायकलवेडी. या दोघींना ट्रायथलॉनचं खूळ. म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, लागोपाठ, मधे दम खायचा नाही. एकट्याने करतात तसं तिघींनी वाटूनही करता येतं. गेल्या वर्षी नाशिककडच्या एका धरणावर दोघी गेल्या, पोहायला कॉलेजातली एक मुलगी घेतली. जानेवारीचं पाणी. ती पोर निम्म्यात थंडीने काळीनिळी पडली, होडीवाल्यांनी उचलून काठाला आणली. आणि नियम असा की पोहणारी आली नाही तर सायकलवाली निघत नाही, आणि सायकलवाली आली नाही तर पळणारीने काय करायचं, उभं राहायचं. माझी लेक वर्षभर पहाटे उठून पळली होती. त्या दिवशी तिने एक पाऊल टाकलं नाही. घरी आली, बूट माळ्यावर टाकले आणि म्हणाली, "जेवायला काय आहे?" ती रडली असती तर बरं झालं असतं. मला ते सहन होईना.

"पुढच्या वर्षी मी पोहते," मी बोलून गेले. दीड किलोमीटर, एका तासाच्या आत. पोहण्याची मला काळजी नव्हतीच. थंडीचा विचार मात्र केला नव्हता. पंखा तीनवर गेला की चादर ओढणारी बाई मी!

आता ह्यांचं सांगते. आमचे हे, अब्दुल्ला, गेल्या वर्षी कुवेतहून कायमचे परत आले. सेंट्रल एसीच्या कंपनीत होते. आल्यावर दोन महिने घरातलं जे जे हलतं ते दुरुस्त केलं, जे हलत नव्हतं तेही केलं. पुढे दुरुस्त करायला काही उरेना, तेव्हा त्यांनी मला हाती घेतलं.

"पाणी किती असतं तिथलं?" त्यांनी चारुताला विचारलं.

"अठराच्या आसपास, अब्दुल्लाभाई."

"अठरा!" हे हसायलाच लागले. "अगं, आमच्या खोलीतला एसी कायम अठरावर. ब्लँकेट घेऊन झोपायचो, कसली मस्त झोप लागायची."

"अहो, ती हवा. हे पाणी आहे," मी म्हटलं.

"डिग्री ती डिग्री. थंडीचा धंदा माझा का तुझा?"

यावर काय बोलणार, कप्पाळ! 

पनवेलमध्ये थंड पाणी आणायचं कुठून, हा पहिला प्रश्न. आमच्याकडे पारा विसाला टेकला की रिक्षावाले माकडटोपी घालतात. पूलचं पाणी डिसेंबरातही कोमट. मग ह्यांनी गच्चीवर एक मोठं निळं पिंप आणून ठेवलं, किती पाण्याला किती बर्फ याचा हिशेब मांडला आणि मला मासळीबाजारात गोदूबाईकडे पिटाळलं. गोदूबाईकडून मी लग्न झाल्यापासून मासे घेते.

"भाबी, म्हावरं नको नि निस्ता बरफ?" तिने कोयता खाली ठेवला. "घरात कोन आजारी हाय काय?"

"नाही गं. मला त्यात बसायचंय."

"बसायचंय?" तिने शेजारणीला हाक मारली. "आयकलंस काय? आमी पोटासाठी बरफात हात घालून बसतो, नि या हौसेनं बसनार! काय थंडीबिंडी वाजत नाय काय तुमाला?"

"वाजते ना, म्हणून तर."

तिला ते काही पटलं नाही. पण बर्फ दिला, तोही पाटीतला, सुरमईच्या वासासकट. त्या दिवशी आमच्या गच्चीवर गल्लीतली सगळी मांजरं हजर.

हे स्टुलावर बसले, एसीवाल्यांचं वायरचं थर्मामीटर पाण्यात सोडून. "अठरा झालं. बस."

बिस्मिल्लाह म्हणून बसले. अल्लाह! श्वास जो घशात अडकला तो ना खाली जाईना ना वर येईना. छाती कुणीतरी दोरीने आवळल्यासारखी. चारुताने बजावलं होतं, श्वास धरून ठेवायचा नाही, फुंकर घालत सोडायचा. आधी तोंडावर, मनगटांवर पाणी मारायचं. पहिलं मिनिट वाईट, मग अंग मानतं. तिचं खरं होतं. फू फू करत बसले आणि हळूहळू छाती सुटली. पण हाताची बोटं! ती जी फाकली ती परत जवळ येईनात. पोहताना बोटं फाकली तर पाणी मागे काय ढकलणार?

"अजून दोन डिग्री उतरवू का? प्रॅक्टिसला बरं," हे म्हणाले आणि ऐटीत कोपरापर्यंत हात पिंपात घातला. क्षणात बाहेर काढला. हाताकडे बघितलं, थर्मामीटरकडे बघितलं.

"मीटर बिघडलंय बहुतेक," म्हणाले.

तेव्हापासून अठराला हसणं बंद झालं. पण कबूल करतील तर ते आमचे हे कसले! त्याऐवजी त्यांनी इन्सुलेशनचा विषय काढला. एसीच्या तांब्याच्या पाइपांवर काळ्या फोमची नळी चढवतात, ती तुम्ही पाहिली असेल. "पोहण्याचे सूट याच जातीच्या मालाचे असतात," त्यांनी सांगितलं. "बाहेर हजारोंना विकतात. मी घरी बनवतो." आणि खरंच बनवला. पायांना नळ्या, हातांना नळ्या, पोटापाठीला फोमचा पत्रा, सांध्यांवर चंदेरी टेप. गॅप कुठे राहता कामा नये म्हणून माझ्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. आरशात पाहिलं तर एसीसारखी भिंतीवर टांगायची बाकी होते.

तरी गेले हो. नवऱ्याने चार दिवस खपून बनवलंय, मन मोडवेना. बायकांच्या बॅचला ते घालून पाण्यात शिरले आणि दोन्ही पाय जे बुचासारखे वर आले ते खाली जाईनात. पाय आभाळाकडे, डोकं तळाकडे. चारुताने पोटाला धरून उलटी केली नसती तर माझी कहाणी तिथेच संपली असती. कडेला धरून उभ्या असलेल्या बायका इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. घरी आले आणि त्या नळ्या ह्यांच्या पुढ्यात आपटल्या.

"पायाकडे मटेरियल जास्त झालं," ते शांतपणे म्हणाले. "कमी करून देतो."

"हात तर लावून बघा मला!"

शेवटी चारुतानेच मैत्रिणीकडून खराखुरा सूट आणला. पातळ रबराचा, मानेपासून घोट्यापर्यंत. तिने समजावलं की हा अंगाला चिकटूनच बसायला हवा. आत थोडंसं पाणी शिरतं, ते अंगाच्या उबेने गरम होतं आणि तेच पांघरुणासारखं काम करतं. सूट सैल असला तर दर हाताला नवं थंड पाणी आत येणार. घालायची तऱ्हाही न्यारी. पायात प्लास्टिकची पिशवी घालायची म्हणजे रबर सरकतं, मग दोघींनी वर ओढायचं आणि तिसरीने पाठीची चेन लावायची. तेवढ्यानेच मला घाम फुटला.

आरशात पाहिलं आणि तौबा म्हटलं. सगळं झाकलेलं होतं आणि तरीही काहीच झाकलेलं नव्हतं. "अम्मी, पाण्यात कोण बघतंय?" अलिना म्हणाली. मी तोडगा काढला: काठापर्यंत बुरखा, काठावर तो उतरवायचा की थेट पाण्यात. बाहेर येताना ह्यांनी तो उघडा धरून उभं राहायचं. पाणी काय, ते कुणाला सांगायला जात नाही.

"दोन टोप्या, एकावर एक," चारुताने निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा सांगितलं. "कानात बोळे. पाण्यात शिरायच्या आधी फ्लास्कमधलं कोमट पाणी मानेतून सूटमध्ये ओतायचं. आणि भाभी, अंगाला तेलबिल अजिबात नको. रबर खराब होतं, हात सटकतात."

हे बाजूलाच उभे होते. त्यांनी मान डोलावली. ती मान कशासाठी डोलावली ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

रात्री घोटीजवळ लॉजवर राहिलो आणि उजाडताना धरणावर पोचलो. पाण्यातून वाफ निघत होती. पायाखालचं गवत दहिवराने ओलंचिंब, बोललं की तोंडातून धूर. मला मेलीला वाटलं, इथून उठावं आणि गाडीत जाऊन दार लावून घ्यावं. अलिनाने बूट बांधले होते. तिचं पळणं अजून दोन-अडीच तासांवर, पण बूट बांधून तयार. "अम्मी, जमेल तुला," ती म्हणाली, पण डोळे भीतीने मोठे झालेले. गेल्या वर्षीचं तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं, हे मला दिसत होतं. दोघींनी मला सूटात कोंबून वर बुरखा घातला, मग चारुता सायकल लावायला गेली आणि अलिनाही तिच्या मागे गेली.

तेवढ्यात हे आले. हातात एक वाटी, वर रुमाल झाकलेला.

"चारुता गेली ना? बस इथे."

"काय आहे ते?"

"खोबरेल. इंग्लंडच्या समुद्रात पोहणारे लोक अंगाला चरबी फासतात, मी मोबाइलवर बघितलंय. इन्सुलेशन. बाटलीत दगड झाला होता, चहावाल्याच्या शेगडीवर पातळ करून आणलं."

पनवेलमध्ये आमच्या बाटलीतलं खोबरेल एखाददुसरी पहाट सोडली तर बारा महिने पाण्यासारखं. इथे त्याचा पांढरा दगड झाला, तेव्हाच त्या एसीवाल्याच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. आणि माझ्याही. पण खरं सांगते, त्या थंडीत ते कोमट तेल आणि त्यांचे गरम हात! त्यांनी माझे पंजे चोळले, पावलं चोळली, मान, गाल, कपाळ. मला नको म्हणवलंच नाही. शेवटी माझा पोहण्याचा चष्मा घेतला, नंबरचा आहे, त्याच्या काचा अंगठ्याने छान पुसल्या आणि माझ्या डोळ्यांवर चढवला.

"आता बघ," म्हणाले.

भोंगा वाजला. फ्लास्कचं पाणी मानेतून ओतलं, बुरखा उतरवला, मनगटं भिजवली, तोंडावर पाणी मारलं आणि फू फू करत शिरले. पिंपापेक्षा वाईट नव्हतं हो! पाठ गरम, पोट गरम. सूटमधलं पाणी अंगाने मानलं. हात चालू लागले. मनात म्हटलं, सायरा, तू उगीचच घाबरत होतीस.

पन्नास हातांनंतर समोर धुकं आलं. मला वाटलं वाफ आहे. मग ते दाट झालं, दुधासारखं पांढरं. थांबून हाताकडे बघितलं तर बोटांवर पांढरी साय. गालाला हात लावला तर मेण. माझ्या अंगावरचं सगळं खोबरेल गोठलं होतं आणि काचांवरचंही! चष्मा काढून बोटाने पुसला, तर बोटच तेलाचं, आणखी लिंपला गेला. थुंकी लावून पाहिली, व्यर्थ. चष्मा काढून टाकावा तर माझा नंबर इतका की चार हातांपलीकडचं सगळं एकच. पुढे कुठेतरी केशरी रंगाचे मोठे फुगे होते, त्यांना वळसा घालून परत यायचं होतं. मला ना फुगा दिसत होता ना काठ. सगळी बाया-माणसं पुढे निघून गेलेली. अंदाजाने हात मारत राहिले.

काही वेळाने डोकं कशावर तरी आपटलं. होडी.

"ताई, तुम्ही उलट्या चाललाय," वरून आवाज आला. "ओठ निळे पडलेत तुमचे. घेऊ का वर?"

गेल्या वर्षी त्या पोरीलाही असंच विचारलं असणार. आणि खोटं कशाला बोलू, एक क्षण मला हो म्हणावंसं वाटलं. बोटं फाकली होती, पावलं कुठे आहेत ते कळत नव्हतं. हो म्हटलं की ब्लँकेट, चहा, सगळं संपलं. आणि काठावर माझी पोर, बूट बांधून.

"हात लावलास तर बघ!" मी म्हटलं.

"बरं बरं," तो घाबरून म्हणाला. "पण मला दुसऱ्यांकडे जावं लागेल. काठ त्या बाजूला." त्या बाजूला म्हणजे कुठे, हे मला काय दिसणार!

तेव्हा मी कानातले बोळे उपटून काढले. कानात बर्फाच्या सुया शिरल्या. आणि त्यातून, लांबून, पाण्यावरून आवाज आला.

"सायराऽऽ! आवाज येतोय काऽऽ?"

हा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखला असता. ज्या काळी कुवेतहून फोन मुश्किलीने लागायचा आणि लागला तरी खरखरायचा, त्या काळात ह्यांना ओरडून बोलायची सवय लागली. दर शुक्रवारी अख्खा मोहल्ला आमचा संसार ऐकायचा. माझी लाजेने मान खाली जायची. आज त्या ओरडण्याने मला दिशा दिली. आवाज आला तिकडे तोंड वळवलं.

"इकडे काठ! इकडे येऊ नकोस! वळऽऽ! उजवीकडे! अगं तुझ्या उजवीकडे, माझ्या नाही!"

गोठलेला चष्मा घालून मी त्या आवाजावर पोहले. हे काठाकाठाने धावत होते, ते आवाज सरकत होता त्यावरून कळत होतं. मधेच "या अल्लाह" ऐकू आलं, कुठेतरी पाय घसरला असावा. फुगा हाताला लागला, वळसा घातला. "आता माझ्याकडे! सरळ माझ्याकडे!"

आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हा माणूस! ज्याने मला आंधळी करून पाण्यात सोडली तोच आता ट्रॅफिक हवालदार झालाय! डाव्या हाताला म्हटलं, चारुताने सांगितलं होतं ना तेल नको. उजव्या हाताला म्हटलं, मान डोलावलीत ना. डावा: थंडीचा धंदा म्हणे. उजवा: नळ्या चढवल्यात मला, नळ्या. दर हाताला एक वाक्य, आणि वाक्यं काही संपेनात. रागाने अंग असं तापलं की थंडी वाजते आहे हेच विसरले. मला फक्त एवढंच कळत होतं की या आवाजापर्यंत पोचायचंय आणि त्याला चांगलं झापायचंय.

पायाला गाळ लागला. हे गुडघाभर पाण्यात उभे, बुरखा दोन्ही हातांनी उघडा धरून. मी त्यात शिरले आणि धडपडत वर धावले. तास व्हायला दोन मिनिटं बाकी होती. घोट्याला बांधलेली वेळ मोजायची चिप काढून चारुताला द्यायची होती, पण माझी बोटं वाकेनात. चारुताने वाकून ओरबाडली आणि सायकलकडे सुसाट पळाली. अलिना किंचाळत होती. मला वाटलं अजून काही बिनसलं, पण ती नाचत होती.

मग तिने मला बायकांच्या तंबूत ओढलं. सूट सोलून काढला, अंग पुसलं, लोकरीचे कपडे, मोजे, टोपी, ब्लँकेट. "गरम पाण्याने आंघोळ नाही, शेगडीजवळ नाही," ती बजावत होती. "बाहेर आल्यावर थोडा वेळ अंग आणखी गार पडतं. घोट घोट पी." साखरेचं गरम पाणी होतं. पेला माझ्या दातांवर वाजत होता. आणि तेव्हा खरी थंडी भरली. हाडांतून. सगळं शरीर गदागदा हलायला लागलं, जबडा थांबेचना.

तंबूच्या बाहेरून आवाज आला, "सायरा? कशी आहेस?"

हीच ती वेळ. सगळं तोंडपाठ तयार होतं. मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "तु... तु... तु..."

"काय म्हणते?"

"कुडकुडतेय, अब्बा. ठीक आहे ती."

"बोलत का नाही?"  मग इतक्या हळू आवाजात, की मला वाटलं दुसरंच कुणी आहे, "अलिना, तिला म्हणावं ओरड मला. काय वाट्टेल ते बोल म्हणावं."

मी आणखी कुडकुडले.

बऱ्याच वेळाने ब्लँकेटचं बोचकं होऊन बाहेर आले. हे खुर्चीवर बसले होते, पँट मांडीपर्यंत ओली, एक चप्पल गेलेली. मला बघून उठले, आणि त्यांचे डोळे लाल.

"अलिना झाली त्या रात्री तू अशीच थरथरत होतीस, असं माझ्या अम्मीने फोनवर सांगितलं होतं," ते म्हणाले. "डेंग्यू झाला तेव्हाही फोनवरच कळलं. मी काय सांगायचो? ब्लँकेट घे. बावीस वर्षं ब्लँकेट घे, ब्लँकेट घे. हे असं असतं होय? मला माहीतच नव्हतं गं."

माझा जबडा तोवर सुटला होता. पण झापणं राहिलं बाजूला. मी नुसती त्यांच्या हातावर डोकं टेकून रडले. लोक बघत होते, बघू देत.

चारुता आली, घामाने न्हालेली. अलिनाने चिप बांधली आणि निघाली. माझी पोर पळाली! कशी पळते ती, अल्लाह, पाय जमिनीला लागतात की नाही. ह्यांनी तिला स्पर्धेत पळताना फक्त मोबाइलवर पाहिलं होतं. धरणाकाठच्या रस्त्यावरून ती आमच्यासमोरून गेली तसे हे एका चपलेवर उभे राहून शेजारच्या अनोळखी माणसाला सांगायला लागले, "माझी मुलगी आहे. ती, हिरव्या टी-शर्टातली. माझी मुलगी." तो बिचारा टाळ्या वाजवत होता.

आम्ही शेवटून तिसऱ्या आलो. तरी शर्यत पुरी केल्याचं पदक मिळालं, ते अलिनाने गळ्यातून काढलंच नाही.

परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर दोघी पोरी झोपल्या. हे गाडी चालवत होते. कसाऱ्याच्या घाटात ऊन अंगावर आलं, हातापायांत रक्त फिरलं आणि माझी वाचा परत आली.

मग मी बोलले. तेलापासून सुरुवात केली, नळ्यांवर आले, पिंपावर गेले, तिथून ज्या ईदला येतो सांगून आले नव्हते त्या ईदवर, आणि माझ्या आईच्या मयताला हे उशिरा पोचले त्यावर. इतकी वर्षं आमचं एकही भांडण पुरं झालं नव्हतं. मी मुद्द्यावर यायचे आणि फोनचं कार्ड संपायचं. पुढच्या शुक्रवारपर्यंत राग शिळा व्हायचा, आणि आठवड्यातून एकदा येणारा फोन भांडणात कोण घालवणार? ते सगळं साठलेलं आज बाहेर आलं. ह्यांनी एकदाही मधे तोंड घातलं नाही. भिवंडी गेली, कळंबोली आली, माझा घसा बसला.

"झालं," मी म्हटलं.

त्यांनी गाडी बाजूला घेतली. माझ्याकडे वळून नीट बघितलं.

"सगळं झालं? काही राहिलं नाही?"

"नाही."

"मग आता माझं ऐक," आमचे हे म्हणाले आणि बोलायला लागले. गाडी पनवेलमध्ये शिरली, घराखाली आली, पोरी उठून सामान घेऊन वर गेल्या, आणि मी तिथेच बसून त्यांचं सगळं ऐकून घेतलं.